सिअ‍ॅटलच्या समुद्रात लिंगकॉड गरवण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

पानशेतवाला (कोथरूड, पुणे)

नमस्कार मंडळी. गेली बावीस वर्षे मी पानशेत, मुळशी आणि उजनीच्या पाण्यात गळ टाकत आलो आहे. रोहू, कटला, मरळ आणि वाम हे माझे नेहमीचे मासे. समुद्राचा अनुभव म्हणाल तर हर्णैला दोनदा आणि गुहागरला एकदा, तोही किनाऱ्यावर उभे राहून. येत्या मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत मी आणि सौ. मुलाकडे रेडमंडला, म्हणजे सिअ‍ॅटलच्या शेजारी, राहायला जाणार आहोत. मुलाच्या एका सहकाऱ्याची स्वतःची लहान बोट आहे आणि त्याने पकडलेल्या लिंगकॉड नावाच्या माशाचे छायाचित्र मुलाने मला पाठवले आहे. अंगाच्या मानाने प्रचंड मोठे डोके, सुयांसारख्या दातांनी भरलेला जबडा आणि अंगावर पावसाळ्यातल्या कातळावर चढलेल्या शेवाळासारखे करडे-हिरवे चट्टे. ते छायाचित्र पाहिल्यापासून हा मासा एकदा तरी आपल्या गळाला लागावा, असे मनापासून वाटते आहे.

माझे प्रश्न थोडक्यात असे. माझ्याकडे आठ फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड आणि वीस पौंडी तंगूस (नायलॉनची दोरी) आहे. ते साहित्य पुरेल का? आमिष कोणते लावावे? मासा किनाऱ्यावरून मिळतो की बोटीवरूनच जावे लागते? आणि परवान्याचे काय? आपल्याकडे जलाशयाच्या मासेमारीचा ठेका असतो, ठेकेदार संस्थेला विचारले की काम भागते. तिथली पद्धत मला ठाऊक नाही आणि परक्या देशात अजाणतेपणीसुद्धा नियम मोडायची माझी इच्छा नाही.

बाणेरला परत (बाणेर, पुणे)

पानशेतवाला, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी अकरा वर्षे टकोमाला होतो आणि त्यातले जवळजवळ सगळे मे महिने या एका माशाच्या मागे घालवले आहेत, त्यामुळे उत्तर लांबेल, ते सांभाळून घ्या.

आधी नियम, कारण त्यावर तुमचे वेळापत्रक ठरेल. सिअ‍ॅटल आणि टकोमा ज्या आतल्या समुद्रावर वसले आहेत त्या प्युजेट साउंडमध्ये लिंगकॉडचा गळाचा हंगाम 1 मे ते 15 जून एवढाच असतो. दिवसाला माणशी एकच मासा ठेवता येतो आणि त्याची लांबी 26 ते 36 इंचांच्या दरम्यान असावी लागते. त्याहून लहान सोडायचा आणि त्याहून मोठाही सोडायचा. शिवाय या आतल्या पाण्यात 120 फुटांपेक्षा खोल जागी तळाचे मासे धरण्यास मनाई आहे. 120 फूट म्हणजे आपल्या कोकणी हिशेबाने वीस वाव. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. पाहुण्यांसाठी एक, दोन किंवा तीन दिवसांचा परवाना मिळतो, तो ऑनलाइन किंवा मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात काढता येतो. पासपोर्ट जवळ असू द्या. राज्याचे मत्स्य खाते दर वर्षी नियमांची पुस्तिका काढते आणि हंगामाच्या मध्येही बदल जाहीर करते, म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या विभागाचे पान उघडून पाहणे ही सवयच लावून घ्या. तुमचा मुक्काम जूनअखेरपर्यंत असला तरी प्युजेट साउंडमध्ये तुमच्या हातात जेमतेम महिनाभर आहे. 15 जूननंतर जायचे झाले तर खुल्या महासागराच्या किनाऱ्यावर, वेस्टपोर्टला जावे. तिथे चार्टर, म्हणजे मासेमारीसाठी भाड्याने नेणाऱ्या, बोटी मिळतात आणि माणशी दोन लिंगकॉड ठेवता येतात.

आता मासा. लिंगकॉड हा नावात कॉड असला तरी कॉड नव्हे आणि लिंग नावाचा जो युरोपातला मासा आहे तोही नव्हे. तो ग्रीनलिंगच्या कुळातला, आणि जगात फक्त उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत सापडतो. हा मासा पाठलाग करून दमवणारा शिकारी नाही. तो खडकाच्या कपारीजवळ, उंचवट्याच्या कडेला, पोट टेकून बसून राहतो आणि समोरून काही गेले की झडप घालतो. हेरिंग, चपटे मासे, ऑक्टोपस, रॉकफिश, इतकेच काय, स्वतःच्या जातीची पिल्लेसुद्धा तो गिळतो. त्यामुळे लिंगकॉड धरण्याची सगळी कला एका वाक्यात सांगायची तर अशी आहे, की तुमचे आमिष खडकाच्या इतके जवळ ठेवा की ते अडकण्याची भीती सतत वाटली पाहिजे. ज्याचा गळ दिवसभरात एकदाही अडकला नाही, तो माशाच्या डोक्यावरून दहा फूट उंचीवर मासेमारी करत होता, असे मी खात्रीने म्हणेन.

यामुळेच तुमचे सध्याचे साहित्य पुरणार नाही. वीस पौंडी तंगूस ताणली की लांबते आणि ऐंशी फूट खाली काय घडते आहे ते हाताला कळू देत नाही. पन्नास पौंडांची ब्रेडेड दोरी, तिच्या टोकाला हातभर लांबीचा पन्नास-साठ पौंडी जाड तंगुसाचा तुकडा आणि सात फुटांचा ताठ रॉड घ्या. हे सगळे पुण्यातून नेण्यापेक्षा तिथेच उसने किंवा विकत मिळवणे सोपे पडेल. आमिषासाठी सुरुवात जिगपासून करा: चार ते आठ औंसांचे शिशाचे डोके आणि त्यावर सहा ते आठ इंचांची, शेपटी वळवळणारी रबरी मासोळी. गोठवलेली हेरिंगही उत्तम चालते. जिवंत चपटा मासा लावला तर फार मोठे मासे येतात, पण तो आधी पकडावा लागतो.

टाकण्याची रीत अशी. बोट खडकाळ उंचवट्याच्या वरच्या बाजूला नेऊन प्रवाहाबरोबर वाहू द्यायची. दोरी सोडत राहायची आणि शिसे तळाला लागल्याचा ठोका हाताला जाणवला की लगेच रीलचे दोन फेरे वर घ्यायचे. मग रॉडचे टोक हात-दीड हात उचलायचे आणि दोरी सैल न सोडता जिग पुन्हा खाली जाऊ द्यायचा. बहुतेक वेळा मासा तो खाली जात असतानाच घेतो. दर दहा-पंधरा सेकंदांनी तळ पुन्हा चाचपायचा, कारण बोट सरकते तसा तळ चढतो-उतरतो. मासा लागला की पहिले दहा-बारा फेरे दम न घेता ओढून काढायचे. तेवढ्या वेळात तो कपारीत शिरला तर दोरी खडकावर घासून तुटते आणि मासाही जातो, जिगही जातो.

त्यानंतर एक फसवी अवस्था येते. लिंगकॉड बऱ्याचदा निम्म्या पाण्यापर्यंत ओल्या गोणपाटासारखा मुकाट वर येतो, माणसाला वाटते की फार मोठा नसावा, आणि बोटीचा तळ दिसताच तो असा काही उलटा फिरून खाली धावतो की रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला अडवणारा ब्रेक, घट्ट असेल तर दोरी तटकन तुटते. म्हणून वर येताना ड्रॅग थोडा सैल करून ठेवा आणि त्याचे डोके पाण्याबाहेर काढू नका. डोके हवेत आले की तो जबडा उघडून झटका देतो. जाळे आधीपासून पाण्यात धरून मासा त्यावर ओढून आणावा. माशाला टोचून वर ओढायचा आकडा मारू नये, कारण माप घेतल्याशिवाय तो ठेवायचा की सोडायचा हे ठरत नाही.

शेवटी वेळ. भरती आणि ओहोटी यांच्या मधला, पाण्याची ओढ मंदावते तो अर्धा-पाऊण तास हा सगळ्यात मोलाचा. ओढ जोरात असताना आठ औंसांचे शिसेही तळाला टिकत नाही.

खडपातला (सिंहगड रस्ता, पुणे)

बाणेरकरांनी सांगितलेली रीत वाचताना मला पावलोपावली आपला खडकांत राहणारा हेकरू मासा आठवला. मी लिंगकॉड पाहिलेला नाही, पण माझे आजोळ दापोली तालुक्यात असल्याने आंजर्ले आणि हर्णैच्या खडपात, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ जागी, मामांबरोबर लहानपणापासून गरवत आलो आहे. हेकरूही असाच खडपातल्या भोकाच्या तोंडाशी बसतो, आमिष घेतो आणि त्याच क्षणी मागे भोकात सरकून कल्ले फुगवतो. मग दोन माणसांनी ओढले तरी तो निघत नाही. मामा म्हणायचे की हेकरूला विचार करायला वेळ दिला की तो गेलाच.

पानशेतवाला काका, तुम्हाला माझी एकच सूचना आहे, आणि ती जाण्यापूर्वी इथेच अमलात आणण्यासारखी आहे. जलाशयात तुमचा हात दोरीवरून माशाचा चावा ओळखायला शिकला आहे, पण तळ ओळखायला नाही. एप्रिलमध्ये एखादा शनिवार-रविवार काढून हर्णै, दाभोळ किंवा जयगडकडे जा, नुसते शिसे बांधा, गरी लावूच नका, आणि जेट्टीवरून किंवा होडीतून ते तळाला टेकवत राहा. कातळावर शिसे टेकले की टणक, सुटा ठोका येतो. वाळूवर तोच ठोका बोथट होतो. चिखलात ठोका येतच नाही, शिसे बसते आणि उचलताना दोरी क्षणभर चिकटल्यासारखी वाटते. शिसे दोन दगडांच्या फटीत शिरू लागले की दोरीतून एक बारीक खरखर येते. त्या खरखरीला हात उचलला तर शिसे सुटते, अर्धा सेकंद उशीर झाला की अडकते. ही खरखर शब्दांत सांगून कळत नाही, पण दोन भरत्या खर्ची घातल्या की हाताला ती आपोआप कळू लागते.

दुसरे, जिगऐवजी आमिष आणि शिसे वेगळे बांधणार असाल तर शिसे नेहमी मुख्य दोरीपेक्षा कमजोर तंगुसाने बांधा. अडकले तर तेवढे शिसे तुटून जाते आणि गरी, आमिष आणि लागलेला असेल तर मासाही परत येतो. आमच्याकडे शिशाऐवजी कित्येकदा दगडच बांधतात, तो गेला तरी हळहळ नाही.

पाण्याच्या ओढीविषयीही सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आम्ही खडपात गरवायला जात नाही. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाचे पाणी असते, ओढ कमी असते, तळ सापडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या आसपास. सिअ‍ॅटलचा चंद्र तोच आहे, तेव्हा कालनिर्णय बरोबर घेऊन जा.

बाणेरला परत

खडपातले, शिसे नुसते टेकवून पाहण्याची तुमची सूचना अत्यंत मोलाची आहे. मला हे कुणी सुरुवातीला सांगितले असते तर माझे पहिले दोन हंगाम वाया गेले नसते. भरतीच्या हिशेबाबाबत मात्र एक दुरुस्ती आवश्यक वाटते, कारण तिच्यावर सुरक्षितता अवलंबून आहे.

पाऊणपटीचा हिशेब आपल्या किनाऱ्यावर बसवलेला आहे, तो प्युजेट साउंडमध्ये लागू पडत नाही. तिथेही दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, पण त्या दोन ओहोट्यांच्या पातळीत मोठा फरक असतो: एक बरीच खाली जाते, दुसरी जेमतेम उतरते. त्यातून अरुंद खाड्यांमध्ये पाणी पूर्ण भरण्याची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ या दोन्ही एक नसतात. टकोमा नॅरोजच्या पुलाखाली मी भरतीची वेळ पाहून पोहोचलो आणि पाणी नदीसारखे वाहताना पाहून परत फिरलो, असे सुरुवातीला एकदा घडले आहे. तिथे भरती-ओहोटीचे कोष्टक वेगळे आणि प्रवाहाचे कोष्टक वेगळे मिळते. लिंगकॉडसाठी प्रवाहाचे कोष्टक पाहावे. भांगाच्या दिवशी जावे हे तत्त्व मात्र तिथेही खरे आहे. मे-जूनमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दिवसाढवळ्या फार मोठी ओहोटी लागते, ते दिवस टाळलेलेच बरे.

आणि काका, लाइफ जॅकेट बोटीत ठेवू नका, अंगावर घाला. त्या पाण्याचे तापमान मे महिन्यातही दहा-अकरा अंशांच्या जवळपास असते. पोहणे येते म्हणून निर्धास्त राहण्यासारखे ते पाणी नाही. त्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांतच काम करेनासे होतात.

भरतीरेषा (औंध, पुणे)

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे. मासे धरण्याचा मला अनुभव नाही, परंतु वर आलेल्या मापाच्या नियमामागचे कारण कळले तर तो नियम जाचक वाटणार नाही, म्हणून लिहिते आहे.

लिंगकॉडची मादी हिवाळ्यात खडकाच्या कपारीत अंड्यांचा एक मोठा लगदा घालते आणि निघून जाते. थर्माकोलचे मणी डिंकाने चिकटवून भोपळ्याएवढा गोळा करावा, तसा तो दिसतो. त्यानंतर नर त्या गोळ्यासमोर ठाण मांडून बसतो आणि अंडी फुटेपर्यंत, म्हणजे जवळपास दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ, तिथून हलत नाही. त्या काळात जवळ येणाऱ्या कशावरही तो तुटून पडतो, त्यामुळे तो गळालाही सहज लागतो. असा नर उचलला की उघड्या पडलेल्या अंड्यांवर लहान मासे काही वेळातच तुटून पडतात. अंडी साधारण मार्च-एप्रिलपर्यंत फुटतात. प्युजेट साउंडचा हंगाम मे महिन्यात उघडतो तो बहुतेक घरटी रिकामी झाल्यावर. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, त्यामागचा एक हेतूही माशांच्या प्रजननाला मोकळीक देणे हाच आहे.

36 इंचांवरचा मासा सोडण्याचे कारण वेगळे आहे. या जातीत मादी नरापेक्षा पुष्कळ मोठी होते, म्हणून एवढा मोठा मासा जवळजवळ नेहमीच मादी असतो. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालू शकते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लिंगकॉडचा साठा 1999 मध्ये अतिमासेमारीने खालावल्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले होते, आणि मर्यादा कडक केल्यानंतर 2005 मध्ये तो पूर्ववत झाल्याचेही जाहीर केले. माशांच्या बाबतीत असे सुदैवाने पाहायला मिळते, म्हणून मी हे उदाहरण वर्गात आवर्जून सांगत असे.

आणखी एक गोष्ट. लिंगकॉडला हवेची पिशवी नसते, त्यामुळे खोलातून वर आणलेला मासा काळजीपूर्वक सोडला तर सहसा सुखरूप परत जातो. त्याच खडकांत राहणाऱ्या रॉकफिशचे तसे नाही. त्याला हवेची पिशवी असते, ती वर येताना फुगते, डोळे बाहेर येतात आणि नुसता पाण्यात टाकला तर तो पृष्ठभागावर तरंगत राहून मरतो. प्युजेट साउंडमध्ये रॉकफिश ठेवायला मनाईच आहे. त्यांतला यलोआय नावाचा नारिंगी, पिवळ्या डोळ्यांचा मासा शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणजे तुमच्या गळाला चुकून लागलेला मासा वयाने तुमच्या वडिलांहून मोठा असू शकेल. अशा माशाला वजनाच्या साहाय्याने पुन्हा तळाशी नेऊन सोडणारे साधन मिळते आणि वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे सिअ‍ॅटल ज्या राज्यात आहे तिथे, तळाचे मासे धरणाऱ्या बोटीवर ते तयार ठेवणे बंधनकारक आहे. बोटीत चढण्यापूर्वी ते कुठे ठेवले आहे हे कृपया विचारून घ्या.

पानशेतवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हर्णैला जाऊन शिसे टेकवण्याचा सराव करणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. सौ. विचारते आहे की या माशाचे मांस निळे असते असे तिने वाचले, तर ते खाण्यायोग्य असते का? आणि मुलगा शेजारच्या ओरेगॉन राज्यात नेणार आहे, तिथे बंदराच्या तोंडाशी समुद्रात घातलेल्या दगडी बांधांवरून लिंगकॉड मिळतो हे खरे का?

बाणेरला परत

वहिनींना सांगा की निर्धास्त खा. काही लिंगकॉडचे मांस आणि तोंडाचा आतला भाग खरोखरच मोरचुदासारखा निळा-हिरवा असतो. बिलिव्हर्डिन या पित्तरंगद्रव्यामुळे तसा रंग येतो आणि आच लागताच मांस पांढरे शुभ्र होते. चवीत काही फरक नाही. मांस घट्ट आणि कमी तेलकट असते, त्यामुळे रवा लावून तळलेली तुकडी फार छान होते. कालवणात घालायचा असेल तर तुकडी शेवटच्या पाच-सात मिनिटांत सोडावी, नाहीतर ती कोरडी पडते. मासा पकडल्याबरोबर कल्ले कापून रक्त वाहू द्यावे आणि लगेच बर्फात ठेवावा. दुपारभर तसाच उन्हात पडलेला मासा घरी आणून पुढे काय केले तरी ती चव येत नाही.

ओरेगॉनच्या बांधांवरून मासा मिळतो हे खरे आहे. न्यूपोर्ट आणि टिलामूक खाडीच्या बांधांवर लोक जातात. तिथे किमान माप 22 इंच आहे. परंतु तुमच्या वयाचा विचार करून मी स्पष्टच लिहितो, की बांधावर जाऊ नका. ते दगड टेम्पोएवढे, शेवाळलेले आणि मधल्या फटी माणूस कंबरेपर्यंत जाईल अशा असतात, आणि त्या किनाऱ्यावर शांत समुद्रातही अचानक एखादी मोठी लाट सगळ्या बांधावरून धुऊन जाते. त्यापेक्षा न्यूपोर्ट किंवा डेपो बे इथून चार्टर बोट घ्या. साहित्य तेच देतात.

पानशेतवाला

मंडळी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला परतलो. ज्यांनी एवढे मनापासून लिहिले त्यांना वृत्तांत कळवणे माझे कर्तव्य आहे.

मुलाच्या सहकाऱ्याबरोबर दोनदा बोटीने जाणे झाले, दोन्ही वेळा सान हुआन बेटांच्या परिसरात. पहिल्या दिवशी ओढ थांबण्यापूर्वीच अधीरपणे गळ टाकला आणि वीस मिनिटांत तीन जिग खडकाला गमावले. मग पाणी मंदावले आणि हर्णैचा सराव कामी आला. सहा औंसांचा जिग, साधारण बारा वाव पाणी, आणि ती खरखर हाताला अगदी ओळखीच्या माणसासारखी भेटली. हात उचलला, जिग सुटला, खाली जाऊ दिला आणि तो तळाला पोहोचलाच नाही. मध्येच दोरी थांबली. आधी वाटले, पुन्हा अडकला. मग ती अडक हळूच बाजूला सरकली. वर आला तो 24 इंचांचा मासा, दोन इंचांनी कमी. जाळ्यातच पाण्यात ठेवून, गळ पक्कडीने काढून सोडला.

त्यानंतर जे पाहिले ते कायम स्मरणात राहील. मला वीतभर लांबीचा ग्रीनलिंग लागला होता, तो सहज वर येत असताना अर्ध्या वाटेत रॉड एकदम वाकला आणि वजन दसपट झाले. बोटीचा मालक म्हणाला, काही करू नका, न थांबता सावकाश फिरवत राहा. स्वच्छ हिरव्या पाण्यात दोन वाव खाली ती आकृती दिसली: ग्रीनलिंगला आडवा तोंडात धरलेला लिंगकॉड, गळ त्याला लागलेलाच नव्हता, केवळ घास सोडायचा नाही म्हणून तो वर येत होता. त्याचे डोळे आमच्याकडे लागलेले होते आणि कल्ले संथपणे उघडझाप करत होते. मालकाने जाळे शेपटीकडून खाली नेऊन वर उचलले. पट्टी लावली, 38 इंच. आयुष्यात पकडलेला हा माझा सर्वांत मोठा मासा. भरतीरेषाताई, तुमचे लाखो अंड्यांचे वाक्य मला त्या क्षणी आठवले. मुलाने एक छायाचित्र काढले, मी दोन्ही हातांनी पोटाखाली आधार देऊन तिला पाण्यात धरले, आणि तिने शेपटीचा एक फटकारा मारून माझ्या चष्म्यावर पाणी उडवले व ती सरळ खाली गेली. त्या दिवशी घरी मासा नेला नाही.

ठेवण्याजोगा मासा 11 जूनला, दुसऱ्या फेरीत मिळाला: 29 इंच. मांस पांढरेच निघाले, निळे नव्हते, त्यामुळे सौ. थोडी हिरमुसली. तिने पुण्याहून नेलेल्या आमसुलांचे कालवण केले आणि तुकडी शेवटी सोडली. अंगठ्याला मात्र अजून पट्टी आहे. गळ काढताना हातमोजा काढायचा नव्हता.

खडपातला

काका, अभिनंदन. पावसाळा संपून पाणी निवळले की, साधारण दिवाळीच्या पुढे, अष्टमीच्या आसपास आंजर्ल्याला या. मामा अजून होडीत येतात. सहा औंसांचे जिग मात्र घरीच ठेवा, आमच्या खडपात पाणी चार-पाच वावांचे, तिथे दोन औंस पुरतात. हातमोजे नक्की आणा, हेकरूचे कल्लेही कापतात.